आठ बार आणि दोन निषाद

(दृश्य: धोबीतलाव, रंगभवन)

1978 साली मुंबईत जॅझ यात्रा हा जॅझ महोत्सव सुरू झाला आणि या उघड्या रंगमंचावर त्याच्या मैफली रंगल्या. आसपासच्या इमारतींत गोवेकरांचे गावागावांचे क्लब. चर्चच्या शाळेत नोटेशन (स्वरलेखन) शिकलेले वादक तिथे उतरत, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत. पलीकडे गिरगाव. तिथे पेटी, तंबोरा आणि एकच सा.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, बदलली की या गिरगावच्या कानाला सा हातातून सुटल्यासारखा वाटतो. म्हणून जॅझ शिकताना ‘ऑटम लीव्हज’ या गाण्यापासून सुरुवात करावी. जोसेफ कोस्मा यांची ही 1945ची चाल 32 बारांची आहे; बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा.

(दृश्य: पेटी आणि गिटार)

पांढरी पाच सा धरा. गिटारवाल्याचा तो जी मायनर. पहिल्या आठ बारांच्या कॉर्ड, बाराला एक, शेवटची दोन बार: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन. मग ए हाफ-डिमिनिश्ड, डी सेव्हन, जी मायनर. पहिल्या चार कॉर्ड बी फ्लॅट मेजरकडे ओढतात, पुढच्या तीन जी मायनरवर उतरतात. पण सूर तेच सात, आसावरी थाटाचे (ग, ध, नि कोमल).

फरक फक्त सहाव्या बारात. डी सेव्हनवर कोमल निषाद जातो, शुद्ध येतो, बारभर किरवाणी रागाचे सूर. मुरलेले वादक तिथे मुद्दाम कोमलही लावतात, पण ते पुढचं.

आता प्रत्येक कॉर्डचा, तिच्या मूळ सुरापासून मोजून, तिसरा आणि सातवा सूर शोधा. त्यांतून दोन ओळी सापडतात (दुसरीच्या शेवटी मात्र मूळ सा). ग आणि ध कोमल ठेवून, बाराला एक सूर, असं गा:

ध ध प प म म ग.
ग रे रे सा सा नि सा.

पहिली ओळ ओळखीची वाटेल, कारण मूळ चालही ध, प, म, ग याच सुरांवर थांबत उतरते. या दोन ओळी गळ्यात बसल्या की मधल्या जागा भरणं म्हणजेच इम्प्रोव्हायझेशन, आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं. नुसती स्केल घोकून वाजवलेला सोलो रियाजासारखाच ऐकू येतो.

हे आठ बार दोनदा झाले की सतराव्या बारापासून क्रम उलटतो: जी मायनर आधी, बी फ्लॅट नंतर. शुद्ध निषाद आता दुसऱ्याच बारात हवा. बोटं सवयीने सहाव्याची वाट पाहतात आणि नेमकी तिथे चुकतात. तेवढे आठ बार वेगळे काढून, अगदी सावकाश वाजवा.