बडोद्याची गादी, कलकत्त्याचा हुकूम

[दृश्य: कॅम्प भागातला रस्ता, सकाळ]

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याच्या दरबारातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेर फिरून आले, सरबताचे एकदोन घोट घेतले आणि उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघालं. संशय गेला थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता, हे झाकायचं कारण नाही. रयत गांजलेली होती. १८७३ च्या चौकशीनंतर सरकारनं त्यांना सुधारणेसाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी दिवाण झाले. पण फेर आणि दादाभाईंचं जमेना. विषाच्या घटनेच्या आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खलिता, म्हणजे राजपत्र, धाडला होता: हा रेसिडेंट बदला. आणि फेरना खरोखरच हलवलं गेलं.

[दृश्य: चौकशी आयोगाची जुनी चित्रं]

तरीही जानेवारी १८७५ मध्ये महाराज कैदेत पडले. दादाभाईही पायउतार झाले. आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. बचावासाठी लंडनहून नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन आले. पुण्यात सार्वजनिक सभेनं मल्हाररावांची बाजू उचलून धरली. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी मानलं. तिघा हिंदी सदस्यांना मात्र आरोप शाबीत झाल्याचं पटलं नाही.

मग सरकारनं काय करावं? विषाचा मुद्दाच बाजूला ठेवला. १९ एप्रिलच्या जाहीरनाम्यात कारण दिलं बेबंद कारभाराचं, म्हणजे ज्यासाठी मुदत दिली होती त्याचंच. ती संपायला आठ महिने बाकी होते. महाराजांची रवानगी मद्रासला झाली. १८८२ मध्ये ते वारले.

मला खुपतं ते हे: रयतेची गाऱ्हाणी दोषारोपासाठी वापरली, पण पुढे कोण राज्य करणार हे ठरवताना त्या रयतेला कुणी विचारलं नाही.

[दृश्य: दांडिया बाजारातलं एक मराठी घर, भिंतीवर सयाजीरावांची तसबीर]

मल्हाररावांचे थोरले भाऊ खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेही सरकारच्या मंजुरीनं. दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. गोपाळरावांचे सयाजीराव झाले. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्याबद्दल बडोदेकराच्या मनात जी माया आहे, ती माझ्याही मनात आहे. म्हणूनच १८७५ कडे बघणं अवघड जातं. निकाल चांगला लागला, की तो कुणी आणि कसा लावला हे विचारायचं राहून जातं.

धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, आली १९०८ मध्ये, तीही मर्यादित अधिकारांची. प्रजामंडळ, म्हणजे रयतेची राजकीय संघटना, उभं राहिलं १९१६ मध्ये. आणि मधल्या १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटांपुढे रीतीप्रमाणे लवले नाहीत म्हणून सयाजीरावांवर गहजब झाला, तेव्हा त्यांना व्हाइसरॉयना दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं. मल्हाररावांना उतरवणारा अधिकार अजून शाबूत होता.