घर गहाण टाकून क्वार्टरबॅक पोसायचा का? मिशिगनच्या फुटबॉलचा हिशेब

[टेबलावर स्टीलचे दोन डबे. एकावर ‘फी’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘मैदान’.]

नमस्कार मंडळी. हे डबे आमच्या स्वयंपाकघरातले आहेत. ह्यातल्या एकात काल रात्रीपर्यंत पोहे होते, ते आत्ता परातीत पडलेत, त्यामुळे मला लांबण लावता येणार नाही. प्रयत्न करते.

तर, अ‍ॅडमिशनची पत्रं यायला लागली की आपल्या कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला अ‍ॅन आर्बरला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनला प्रवेश मिळालाय, एज्युकेशन लोनची फाइल बँकेत आहे, आणि मी मागच्या व्हिडिओत सांगून बसले की इथे विद्यापीठाच्या मालकीचं लाखभर माणसांचं स्टेडियम आहे. मग पालकांच्या पोटात गोळा येतो. आमच्या फीवर ही पोरं चेंडू खेळणार का? एका काकांनी तर लिहिलं, ‘मी घर गहाण टाकून तुमचा क्वार्टरबॅक पोसायचा का?’ काका, तुमचं वाक्य मी टायटलला चोरलंय. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू.) पण उत्तर नाही असं आहे.

आधी खेळाचं उरकून घेऊ. हा अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबुडका, खेळाडू अकरा-अकरा, मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. झालं, एवढंच. ‘हातात धरून पळतात तर फुटबॉल कशाला म्हणतात’ असं ज्यांना विचारायचंय त्यांनी हात वर करा आणि व्हिडिओ संपेपर्यंत तसाच ठेवा.

संघाचं नाव वुल्व्हरिन्स, रंग मक्याचा पिवळा आणि गडद निळा, हेल्मेटवर पंखासारखे पिवळे पट्टे. ते पट्टे १९३८ पासूनचे. ज्या लीगमध्ये खेळतात तिचं नाव बिग टेन, म्हणजे ‘मोठे दहा’, आणि सध्या तिच्यात संघ आहेत अठरा. मोजू नका, त्रास होतो.

आता स्टेडियम. ह्याबद्दल मला आमच्या बाबांची गोष्ट सांगायची आहे, आणि ती विषयाला धरून आहे, पुढे ढकलू नका.

बाबा सांगलीहून आले होते, ऑक्टोबर होता. आम्ही गाडी विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सवर लावली. हो, सामन्याच्या दिवशी तिथे पार्किंग असतं. त्या देखण्या हिरवळीवर लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून, शेगड्या मांडून सकाळपासून बर्गर भाजत बसलेले. बाबा म्हणाले, ‘ही तर जत्रा आहे.’ मग रस्ता ओलांडून निघालो आणि बाबा विचारायला लागले, ‘कुठाय ते?’ समोर विटांची लांबच लांब भिंत. उंच आहे, पण लाख माणसं आत मावतील अशी काही वाटत नाही. तेवढ्यात फाटकावर आमची पिशवी अडवली. आत कुठलीच बॅग नेता येत नाही, हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. आईने चकल्या आणि चिवडा भरून दिला होता. नवरा ती पिशवी घेऊन गाडीपर्यंत पळत गेला आणि सामन्याची सुरुवात हुकवून परत आला. तो अजून ऐकवतो.

आत शिरलो तर बाबा गप्प झाले. कारण हे स्टेडियम बरंचसं जमिनीत खोदलेलं आहे. दारातून आत पाऊल टाकलं की तुम्ही जवळजवळ वरच्या काठावर उभे असता आणि सगळं खाली असतं. बारवेत डोकावावं तसं. फक्त बारवेच्या पायऱ्यांवर लाख माणसं पिवळे शर्ट घालून बसलीत, आणि तळाशी पाण्याच्या जागी हिरवं मैदान. बसायला ॲल्युमिनियमचे बाक, पाठ टेकायला काही नाही, ऑक्टोबरातही खालून गारठा चढतो. बाबा पाच मिनिटांनी एवढंच म्हणाले, ‘ह्याचं वीजबिल कोण भरतं?’

बघा! सांगलीच्या माणसाला जो प्रश्न पडला तोच काकांना पडला.

क्षमता सांगते: १,०७,६०१. शेवटचा तो एक का, तर फ्रिट्झ क्रायस्लर नावाचे प्रशिक्षक आणि पुढे क्रीडा संचालक होऊन गेले, त्यांच्या मानाची एक जागा जास्तीची धरली जाते. ती नेमकी कुठली हे सांगत नाहीत. आणि ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर प्रेक्षक आलेत. करोनाचं २०२० साल सोडून. एका हंगामात इथे सामने होतात सात, फार तर आठ. बाकी वर्षभर ते बारवेसारखंच पडून असतं.

आता डबे.

[‘फी’चा डबा उचलत]

हा तुमचा डबा. ट्यूशन इथे पडते. प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं ह्यातून. [दुसरा डबा] हा अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटचा. म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचं खातं. मिशिगनमध्ये ह्याचा संसार वेगळा आहे. तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणगीदार, ‘एम’ छापलेले शर्ट आणि टोप्या, हे सगळं ह्या डब्यात येतं आणि ह्यातूनच खर्च होतो. वर्षाची उलाढाल २० कोटी डॉलरच्या वर. तुमच्या डब्यातला चमचा ह्या डब्यात जात नाही. तुमच्या पोराला सामना बघायचा असेल तर त्याला तिकीटसुद्धा वेगळं काढावं लागतं. फीमध्ये धरलेलं नाही.

हे मी आधीच्या व्हिडिओतही सांगितलं होतं. खाली कमेंट आली, ‘पण मॅडम, फीमधूनच जात असणार ना.’ नाही हो.

बरं, डबे पटत नसतील तर कोकणातलं घर घ्या. गावाकडे एकत्र कुटुंब, आणि एक भाऊ मुंबईला कामाला. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. त्यावर म्हातारीचं औषध, धाकट्याची शाळा, कौलं शाकारणं, सगळं. मिशिगनमध्ये विद्यापीठाचे संघ आहेत २९. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, नौका वल्हवणं, सॉफ्टबॉल, काय वाट्टेल ते. ह्या घरातला मुंबईचा भाऊ म्हणजे फुटबॉल. पुरुषांचं बास्केटबॉल त्याला हातभार लावतं. बाकी बहुतेक सगळे मनीऑर्डरीची वाट बघणारे. म्हणजे पैसा तुमच्या फीमधून फुटबॉलकडे जात नाही, फुटबॉलकडून बाकीच्या खेळांकडे जातो. वाहण्याची दिशाच उलटी आहे. काका, ऐकताय ना?

तिसऱ्यांदा सांगते, आता माणसाच्या नावाने. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाने कांस्य मिळवलं. २००८ नंतर त्यांचं हे पहिलं सांघिक पदक. त्या पाच जणांत फ्रेडरिक रिचर्ड आणि पॉल जुडा हे दोघे मिशिगनचे. आता सांगा, विद्यापीठाच्या पुरुष जिम्नॅस्टिक्सला तिकीट काढून किती लोक येत असतील? लाख? त्या रिंगा, त्या गाद्या, प्रशिक्षकांचा पगार, प्रवास, हे त्या शनिवारी बर्गर भाजून आत गेलेल्या लोकांनी भरलंय.

आणि ही गोष्ट आजची नाही. स्टेडियम १९२७ साली उघडलं तेव्हा फील्डिंग योस्ट क्रीडा संचालक होते. त्यांनी बांधकामाचा पैसा उभा करायला लोकांना ५०० डॉलरचे रोखे विकले. रोखा घेणाऱ्याला चांगल्या जागेचं तिकीट विकत घ्यायचा हक्क. तेव्हा जागा होत्या ७२,००० च्या आसपास, पण ह्या माणसाने पाया असा घालून घेतला की पुढे लाखाच्या वर वाढवता येईल. १९२७ ला! आमच्या सोसायटीला दोन मजले वाढवायचे होते तर बारा वर्षं मीटिंगा चालल्या. असो.

आता जे मला आवडत नाही तेही सांगते, नाही तर म्हणाल विद्यापीठाने पैसे दिले. (दिले असते तर हे डबे नवीन असते.) मुख्य प्रशिक्षकाचा पगार प्राध्यापकाच्या कित्येक पट असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस हा राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. वेगळ्या डब्यातून असला तरी मला ते खटकतं. आणि ज्यांच्या जिवावर हा डबा भरला त्या खेळाडूंना कित्येक वर्षं शिष्यवृत्ती, राहणं आणि जेवण ह्यापलीकडे काही मिळत नव्हतं. शर्ट विकले जायचे हजारोंनी, त्या नंबरच्या पोराला त्यातलं काही नाही. २०२१ च्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मुभा मिळाली. आणि २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. म्हणजे मुंबईच्या भावाने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी ठेवून घेतलं. आता गावाकडच्या मनीऑर्डरीचं काय, ही खरी काळजी. नौका वल्हवणाऱ्या पोरींच्या पालकांना विचारा.

आता नीट ऐका, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मी मिशिगनबद्दल बोलतेय. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचा हा दुसरा डबा आपल्या बळावर भरत नाही. तिथे फीच्या डब्यातून किंवा विद्यापीठाच्या मुख्य खात्यातून चमचे जातातच. काही ठिकाणी फीच्या बिलावर ‘अ‍ॅथलेटिक फी’ अशी स्वच्छ ओळ असते, काही ठिकाणी ‘स्टुडंट फी’ ह्या गोंडस नावात ती बुडालेली असते. त्यामुळे काका, तुमचा संशय चुकीचा नाही, पत्ता चुकला. पोराला दुसरीकडेही प्रवेश मिळाला असेल तर ते बिल ओळीन् ओळ वाचा.

दोन कमेंट राहिल्यात. एका ताईंनी विचारलंय की ओहायो स्टेटचं, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाचं, नाव काढलं की माझा चेहरा का बदलतो. बदलतोच. नोव्हेंबरच्या शेवटी दोघांचा सामना असतो आणि त्या आठवड्यात कोलंबसला, म्हणजे त्यांच्या आवारात, पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर फुल्या मारतात. अक्षरावर! भांडण मुळात फुटबॉलचं नाहीच. १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो एकमेकांवर सशस्त्र माणसं घेऊन उभे ठाकले होते. टोलेडो गेलं ओहायोकडे, मिशिगनला बदल्यात वरचा द्वीपकल्प मिळाला. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना एका क्षणात सगळं समजलं. सांगलीहून बेळगाव किती लांब आहे?

दुसऱ्या कमेंटमध्ये टोमणा आहे: ‘८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेते झाले ते सांगता, सिग्नल चोरल्याच्या प्रकरणात त्याच हंगामात प्रशिक्षक हार्बो तीन सामने बाहेर बसले ते सांगत नाही.’ दादा, सांगितलं. सिग्नल म्हणजे मैदानाबाहेरून खेळाडूंना केलेल्या खुणा; त्या कशा असतात, चोरतात म्हणजे काय करतात, ह्याला पाऊण तास लागेल आणि माझे पोहे वाट बघतायत. पुढच्या व्हिडिओत.

त्याआधी एक काम करा. तुमच्या पाल्याच्या फीच्या बिलावर खेळाची ओळ सापडली तर विद्यापीठाचं नाव आणि आकडा कमेंटमध्ये टाका. बिलाचा फोटो टाकू नका, त्यावर पोराचं नाव, नंबर सगळं असतं. मागच्या वेळी एकांनी टाकला होता, मीच घाईघाईने काढून टाकला.

[आतून आवाज: ‘अगं, डबे!’]

आले, आले.