पिकअपला रिमोल्ड टायर परवडतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की तासगाव-मिरजेकडच्या टायरच्या दुकानांत एक सवाल हमखास कानावर येतो. “नवीन राहू द्या, रिमोल्ड दाखवा. चालंल न्हवं पिकअपला?” रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून केलेला टायर. दुकानदार म्हणतो, “चालंल की! ट्रकला चालतो, एसटीला चालतो, तुमच्याच गाडीला काय झालंय?”

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे, म्हणजे टायरवर पुन्हा रबर चढवायचे, कारखाने आहेत. विमानाच्या टायरवरसुद्धा पुन्हा पुन्हा रबर चढवतात. म्हणजे रिमोल्ड ही काही फसवाफसवी नव्हे. घोळ होतो तो ट्रकचा हिशोब पिकअपला जसाच्या तसा लावल्यामुळे.

झिजलेला टायर कारखान्यात गेला की आधी आतून-बाहेरून तपासतात. वरचं उरलंसुरलं रबर मशीनवर घासून काढतात, खिळ्यांची भोकं बुजवतात. पुढं दोन रीती आहेत. गरम रीतीत कच्चं रबर चढवून टायर साच्यात घालतात आणि दीडशे अंशांच्या आसपास तापवतात, नक्षी साच्यातच उठते. थंड रीतीत नक्षीचा पट्टा आधीच तयार असतो. चिकट रबराचा पातळ थर देऊन तो टायरवर गुंडाळतात आणि कमी उष्णतेवर, दाबाखाली, काही तास ठेवतात. ‘थंड’ आपलं म्हणायला, हात लावून बघू नका! पण सांगाड्याला, म्हणजे केसिंगला, ताप कमी लागतो. रीत कुठलीही असो, नवं होतं ते फक्त वरचं रबर. आतल्या तारा, धागे, बाजूची भिंत, सगळं जुनंच राहतं.

ट्रकला मागं जोडचाकं असतात. एक टायर गेला तर शेजारचा निदान गाडी बाजूला घेईपर्यंत भार धरतो. आपल्या पिकअपला मागं एका बाजूला एकच चाक. वाशी मार्केटला माल घेऊन निघालात, खंबाटकी घाट ओलांडून पुढच्या वळणावर आलात आणि मागच्या चाकाचा पट्टा सुटला, तर सावरायला दुसरं चाक नाही.

आता पैशाचं बघू. समजा, नवा टायर ६ हजारांना पडला आणि ५० हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १२ पैसे. दुकानातला तयार रिमोल्ड साडेतीन हजारांना घेतला आणि २५ हजार चालला, तर १४ पैसे. स्वस्त कुठला पडला? पण तुमचाच जुना टायर तुम्ही २ हजारांत रबर चढवून घेतला आणि तोही २५ हजार चालला, तर ८ पैसे. हे आकडे मी धरून चाललेले आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशोब करा. ट्रकचा टायर मुळातच महाग, त्याचं केसिंग दोन-तीनदा रबर चढवता येईल अशा बेतानं बांधलेलं, म्हणून तिथं बचत डोळ्यांत भरते. पिकअपला ती चहापाण्याएवढी उरते.

आणि भार! १७०० किलो माल पेलणाऱ्या गाडीत २० किलो द्राक्षाचे ८५ क्रेट बसले की क्षमता संपली, तीही क्रेटचं वजन न धरता. आपल्याकडं ८५ क्रेटवर थांबतं कोण? त्यात हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, टायर आतून तापतो, आणि जुन्या-नव्या रबराचा जोड तिथंच सैल पडतो. नव्या टायरलाही हे सोसत नाही. २००८ च्या एका अमेरिकी पाहणीत महामार्गावर पडलेले मोठ्या गाड्यांच्या टायरचे तुकडे तपासले होते. रस्त्यावर जितके रिमोल्ड धावतात, साधारण त्याच प्रमाणात ते तुकड्यांत सापडले. म्हणजे खापर एकट्या रिमोल्डवर फोडता येत नाही.

माझं मत विचाराल, तर लांबच्या भाड्याला, भरलेल्या गाडीला दुकानातला अनोळखी रिमोल्ड घेऊ नये. पुढच्या चाकाला तर कुठलाच नको. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला कायद्यानंच बंदी आहे. मात्र गाडी गावातून मार्केट यार्डापर्यंतच फिरत असेल, भार मापात असेल आणि टायर तुमचाच, धड आणि रेडियल, म्हणजे आतले धागे या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवे असलेला, असेल, तर मागं लावायला माझी हरकत नाही. त्यासाठी तो गोटा होईपर्यंत घासू नका. तारा दिसायला लागल्या की कुठलाही चांगला कारखानदार टायर परत पाठवतो.

तरीही तयार रिमोल्डच घ्यायचा असेल, तर हात आत घालून फिरवा. गेटर, म्हणजे फाटलेल्या जागी आतून बसवलेला जुन्या टायरचा तुकडा, हाताला लागला तर परत ठेवा. बाजूच्या भिंतीवर उठवलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. म्हणजे रबर कालचं असलं तरी सांगाड्याचं वय कळलं. नव्या रबराच्या कडेला नख घालून बघा, नख आत शिरलं तर दुकानदाराचं बोलणं ऐकत बसू नका. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून मागा. गोट्या टायरला गरम कटरनं नुसत्या खाचा पाडूनही विकतात. तसला तर फुकट दिला तरी नको.

राहिली स्टेपनी. तिथं रिमोल्ड चालेल, पण मापाचा आणि तेवढाच भार पेलणारा हवा. फक्त एक आहे. आपल्याकडं पंक्चर झालं की स्टेपनी चढते ती चार महिने उतरतच नाही, आणि चांगला टायर हौद्याखाली लोंबकळत राहतो. पंक्चर काढून आणलं की त्याच दिवशी तो टायर परत जागेवर लावा.

नमस्कार.