ही ‘प्रिये’ कोण?

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाहून घरी जाताना टर्नपाइक हायवेवर आमच्या गाडीत वाद झाला. तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्या संध्याकाळी ‘संगीत सौभद्र’ नाटकातलं ‘प्रिये पहा’ हे पद झालं होतं, आपण सगळ्यांनी वन्स मोअर दिला होता. लेकीनं मागून विचारलं, “आई, ही प्रिये कोण?” मी म्हटलं, सुभद्रा. ह्यांनीही होकार भरला. तिच्या शेजारी सासूबाई होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, “अगं, कृष्ण म्हणतोय ते, रुक्मिणीला! सौभद्र पाहिलंत का कधी?”

नव्हतं पाहिलं. पदं मात्र लहानपणापासून ऐकतोय. लेक म्हणाली, “मग वन्स मोअर कशासाठी दिलात?”

तिला हे विचारावंसं वाटलं, त्याला कारण आहे. ती शाळेत क्लॅरिनेट वाजवते. २०२४ च्या जूनमध्ये मी तिला न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरला ‘टायटॅनिक’ बघायला नेलं होतं. सिनेमा नव्हे, मॉरी येस्टनचं म्युझिकल. १९९७ साली ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा कलंडणाऱ्या जहाजाचा अवाढव्य सेट होता आणि सुरुवातीच्या खेळांना त्या यंत्रणेनं फार छळलं. आम्ही पाहिलं त्यात जहाजच नव्हतं. रंगमंचावर वाद्यवृंद आणि त्याच्यापुढे गाणारी माणसं. प्रवासी जहाजावर चढतानाचा कोरस सुरू झाला आणि लेकीनं माझा दंड घट्ट धरला. घरी येईपर्यंत ती मला कोण कुणाची बायको, कोण खाली बॉयलरपाशी, कोण वरच्या वर्गात, हे सांगत होती.

हे सिटी सेंटरच्या ‘एन्कोर्स!’ मालिकेतलं; ती १९९४ पासून चालू आहे. जुनी म्युझिकल्स घ्यायची, थोड्या दिवसांत तालीम, मोजके खेळ. पहिल्या वर्षांत तर नट संहिता हातात धरूनच उभे राहत. पण वाद्यवृंद पुरता हवा आणि मूळ वाद्यरचना हवी, यावर तडजोड नाही. ब्रॉडवेवर वादकांची संख्या घटत चालली होती. २००३ च्या मार्चमध्ये वादकांनी संप केला, चार दिवस बहुतेक म्युझिकल्स बंद पडली, तो वाद किमान किती वादक असावेत याचाच होता. एरवी हे लोक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात, दिसतही नाहीत. इथे ते डोळ्यांसमोर असतात. व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम वर गेले की गाणं येणार हे आधी दिसतं, मग ऐकू येतं. मला त्यातली सगळ्यात मोठी मजा तीच वाटते. ‘शिकागो’ १९९६ मध्ये असंच मोजक्या खेळांसाठी झालं, त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलं, आणि अजून चालू आहे. तिथेही वादक रंगमंचावरच बसतात.

जुनी वाद्यरचना मिळवणं सोपं नसतं. नाटक बंद पडलं की वादकांचे कागद कुठेतरी जातात. आपण न्यू जर्सीतल्या सिकॉकसला गाडी बदलतो ना, त्याच गावच्या एका गोदामात १९८२ साली खोकी उघडली तेव्हा गर्श्विन, कर्न, पोर्टर या ब्रॉडवेच्या जुन्या संगीतकारांची हस्तलिखितं निघाली. हरवलेली म्हणून सोडून दिलेली गाणी होती त्यांत.

आणि आपण? रागावू नका, पण बोलते. दिवाळीला फेटे भाड्यानं आणले, मागे मोठा एलईडी पडदा लावला, त्यावर राजवाडा दाखवला. तबला-पेटी वाजवणारे सभासद याच सभागृहात असताना चार पदं रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर झाली. आणि दोन पदांच्या मध्ये कुणी उठून एवढंही सांगितलं नाही की हा कृष्ण आहे, रुक्मिणी रुसलेली आहे. पुढच्या वेळी पडदा नको. चार खुर्च्या ठेवू, संहिता हातात घेऊन प्रवेश वाचू, पदं जागच्या जागी येऊ देत. अडखळलो तर अडखळलो.

आमच्या घरी हे सुरू झालंय. रविवारी लेक आजीजवळ रेकॉर्डिंगसाठी फोन ठेवून बसते. सौभद्र १८८२ चं. त्यात शंभराहून अधिक पदं आहेत, आपण गातो दहा-बारा. शब्द पुस्तकात छापलेले आहेत. चाली मात्र सासूबाईंना त्यांच्या वडिलांकडून आलेल्या. आतापर्यंत अठरा झाल्या, लेक त्या क्लॅरिनेटवर बसवून बघते. गेल्या रविवारी एकोणिसाव्या पदाला सासूबाई ध्रुपदानंतर थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबल्या. म्हणाल्या, “अंतरा लागत नाहीये गं.” रात्री जेवतानाही गुणगुणत होत्या.

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, मोरपंखी साडीत. तुमच्यापैकी कुणाची आई, कुणाचे सासरे इकडे आले असतील, गात असतील, तर चहाच्या वेळी त्यांना सासूबाईंजवळ घेऊन या. ध्रुपद त्या म्हणून दाखवतील.