यादीतलं नाव

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मतदारयादीतल्या बायकांच्या नावांबद्दल. घरात सून, लेक, सासूबाई कुणी असतील तर त्यांनाही हाक मारा. आणि कागद-पेन्सिल हाताशी असू द्या, शेवटी शेवटी दोन-चार आकडे टिपायचे आहेत.

मतदानाच्या दिवशी काय करायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. डाव्या हाताच्या बोटाला शाई, मग बटण, मग काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. अडतं ते त्याच्या कितीतरी आधी, यादीत. ते का अडतं हे कळायला एक जुनी हकिगत ऐका. मला ती सांगायला फार आवडते, त्यामुळे जरा लांबेल.

साल 1950. देशाला राज्यघटना मिळालेली, निवडणूक अजून व्हायची. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून सुकुमार सेन यांची नेमणूक झाली. बंगालचे सनदी अधिकारी, शिक्षण गणिताचं. त्यांच्यापुढे गणितही तसंच होतं : एकवीस वर्षांवरचा प्रत्येक माणूस मतदार, म्हणजे सतरा कोटींच्या वर नावं, आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. यादी करायला कारकून दारोदार गेले. दारात उभं राहून विचारायचं, घरात कोण कोण? पुरुषांची नावं भराभर यायची. बायकांच्या रकान्याशी गाडी थांबायची. आतून आवाज यायचा, लिहा, अमक्याची आई. तमक्याची बायको. बाई, तुमचं नाव काय? त्यावर उत्तरच नाही. परक्या पुरुषाला बाईनं नाव सांगायचं नाही, ही रीत. कारकुनानं मुकाट्यानं तसंच लिहून घेतलं. अमक्याची आई, वय चाळीस.

आपण हसायचं कारण नाही हं. आपल्याकडे स्वतःचं नाव सांगायला इतकी बंदी नसेल, पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं म्हणजे पंचाईतच. ‘इकडून’ झालं, ‘तिकडची स्वारी’ झाली, अगदी अलीकडे ‘अहो’. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं अशी समजूत. मग सणावाराला उखाण्यात गुंफून तेवढं घ्यायची मुभा. उखाणे मला फार गोड वाटतात, हे कबूल. पण हल्ली हळदीकुंकवाला मोबाइलमध्ये बघून वाचतात, ते नको वाटतं. सुचत नसेल तर साधं नाव घ्या की, आता कोण अडवतंय!

तर सेनसाहेबांकडे या याद्या पोहोचल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश, प्रामुख्यानं या पट्ट्यातल्या. त्यात लाखो नोंदी अशाच, कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको. आता विचार करा. एका गावात रामाच्या आया किती निघतील? मतदानाच्या दिवशी केंद्रावर एक बाई आली आणि म्हणाली, मी रामाची आई. तासाभरानं दुसरी आली, तीही रामाचीच आई. अधिकाऱ्यानं कुणाला कागद द्यायचा? खरी कोण, खोटी कोण, ठरवायचं कशावरून? सेन यांनी हुकूम काढला : बाईचं स्वतःचं नाव नोंदवा. नाव नाही, तर नोंद नाही. बिहारमध्ये अशा नोंदी फारच होत्या, म्हणून तिथे नावं आणून द्यायला एक महिना वाढवून दिला. पुष्कळ जणींनी त्या महिन्यात नाव सांगितलं. पुष्कळ जणींनी नाहीच सांगितलं.

आता आकडा ऐका. देशभरात स्त्री मतदार जवळपास आठ कोटी. त्यातल्या सुमारे 28 लाख जणींची नोंद शेवटी खोडली गेली. पुन्हा सांगते, 28 लाख. घटनेनं मत दिलेलं, वय बसत होतं, घर होतं, गाव होतं. यादीत नाव तेवढं नव्हतं.

पुढे 25 ऑक्टोबर 1951 पासून फेब्रुवारी 1952 पर्यंत मतदान चाललं. वाचता न येणाऱ्यांसाठी काय काय सोय केली होती बघा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र. बैलजोडी दिसली, त्या पेटीत कागद टाकला, झालं मत. या लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांवर पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे अक्षर येत नाही, चित्र आहे. शिक्का मारता येत नाही, पेटी वेगळी आहे. एवढं सगळं सरकारनं पुरवलं. नाव मात्र सरकारला पुरवता येईना, ते जिचं तिनंच सांगायचं होतं.

सेन यांनी केलं ते कठोर होतं, पण मला विचाराल तर बरोबर होतं. तेव्हा ‘अमक्याची आई’ चालवून घेतली असती, तर ती यादीत तशीच मुरली असती. आजही ग्रामपंचायतीत बघा ना. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना, 2011 पासून. पाटीवर नाव बाईचं, आणि सभेत खुर्ची ओढून बसतात सरपंचपती! लग्नपत्रिकांचंही तेच. निमंत्रक म्हणून काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे हजर, आणि काकू-मामी-आत्या ‘सौ. व श्री.’ मध्ये कोंबलेल्या. असो, पत्रिकांवर एकदा स्वतंत्र बोलू.

आज नाव सांगायला कुणी लाजत नाही. घोळ आता वेगळा आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, टाळ्या पडतात. नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. तांदळात बदललं, यादीत कोण बदलणार? मग लग्नाला सहा वर्षं झालेली लेक माहेरच्या यादीत जुन्या नावानं, आधारवर नव्या नावानं आणि सासरच्या यादीत कुठेच नाही. माहेरी पडताळणीला आलेल्या बीएलओला, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, शेजारी सांगतात, ती लग्न होऊन गेली. तिथलंही नाव वगळलं जातं. निवडणुकीला बाई केंद्रावर जाते, हातात ओळखपत्र असतं, आणि यादीत नाव नाही.

म्हणून मुद्दा पक्का करा : ओळखपत्र असलं म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही. कार्ड हातात असलं तरी यादी बघायची.

नाव शोधताना नावानं शोधू नका, ओळखपत्राच्या क्रमांकानं शोधा. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. ज्योत्स्ना, हृषीकेश, यशोधरा, असली नावं यादीत कशी छापली असतील त्याचा भरवसा नाही. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर शोधा, किंवा 1950 या क्रमांकावर फोन करा. एक नऊ पाच शून्य. लिहून घेतलंत?

सासरी आलेल्या मुलीनं भरायचा अर्ज कोणता? नमुना 8. इथेच सगळे चुकतात आणि नमुना 6 भरतात. सहा नंबर पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी आहे. आधी नोंद असेल तर आठ. 2022 पासून पत्ता बदलणं, मग तो त्याच मतदारसंघात असो की दुसऱ्या, नावातली दुरुस्ती, नवं ओळखपत्र आणि दिव्यांग असल्याची नोंद, हे सगळं आठ नंबरमध्येच होतं. क्रमांक जुनाच राहतो. सहा भरलात तर नाव दोन ठिकाणी चढतं, आणि एकाहून जास्त मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्यानं मनाई आहे. खोटं लिहून दिलं तर शिक्षाही आहे. अर्जाला नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. नाव बदलायचं असेल तर त्याचाही जोडा, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. आणि नाव बदलायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. माहेरचं नाव ठेवून नुसता पत्ता बदलला तरी चालतं, उलट कागद कमी लागतात.

घरातलं कुणी वारलं असेल तर नमुना 7. आपण तेराव्याचं, वर्षश्राद्धाचं सगळं चोख करतो, पण आजोबा यादीत दहा-दहा वर्षं मतदार राहतात.

अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आता वर्षाला चार तारखा धरतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. पूर्वी जानेवारीचीच होती.

किरकोळ फरकाला घाबरू नका. यादीत एखादी वेलांटी चुकली, वडिलांच्या नावात अक्षर गळलं, तरी ओळख पटत असेल तर मत देता येतं. पण घरी येते ती मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ओळखपत्र न्या, नाहीतर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटोचं बँक पासबुक, यांपैकी काहीतरी.

वेळेचं भान ठेवा. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव चढत नाही. अर्ज भरल्यावर बीएलओ घरी येतो, हरकतींसाठी दिवस ठेवावे लागतात, म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका.

आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत यांची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोग ठरवून दिलेल्या दिवशी उचलतो आणि प्रभागांत वाटतो. प्रारूप यादी चावडीवर किंवा पालिकेत लागते तेव्हा लोक नवीन नाव घालायला जातात आणि हात हलवत परत येतात. त्या वेळी फक्त वाटणीतल्या चुका दुरुस्त होतात. नाव शेजारच्या प्रभागात गेलं असेल, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं असेल, एवढंच. तेव्हा विधानसभेची यादी बघा, आणि आत्ताच बघा. नमस्कार.