कॅम्प दापोलीचे पेन्शनर

[पावसातली दापोली. जांभ्याची भिंत, तिच्यावर शेवाळ.]

जुनी माणसं या गावाला अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांची छावणी होती इथं. फौजेतून सुटलेले शिपाई, हवालदार, सुभेदार पेन्शन घेऊन इथंच घर करून राहिले. त्यांत महार पेन्शनर बरेच.

[कोरेगावचा विजयस्तंभ. कॅमेरा नावांवरून सावकाश.]

हा स्तंभ भीमेकाठचा, कोरेगावचा. नावं वाचा. कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 1 जानेवारी 1818 ला इंग्रजांच्या मुंबई फौजेतून लढताना इथं पडलेले हे महार शिपाई. दापोलीचे पेन्शनर याच मुंबई फौजेतले, पुढच्या पिढ्यांतले.

फौजेनं त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती. अक्षर. पलटणीच्या शाळेत ते लिहायला-वाचायला शिकले. गावात परतले तेव्हा विटाळ जिथल्या तिथं होता, पण आता हातात लेखणी होती.

[कोऱ्या कागदावर बोरू. जवळून.]

गोपाळ बाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. 1886 मध्ये निवृत्त होऊन दापोलीला आले. जोतीराव फुल्यांच्या विचारांतले. 'दीनबंधू' या वृत्तपत्रात लिहायचे. 1890 च्या सुमारास त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध मंडळी, म्हणजे संघटना, काढली: अनार्य दोष परिहारक मंडळी. आमच्या दृष्टीनं माजी सैनिकांच्या चळवळीचा इतिहास सांगायचा तर तो इथून सांगायला हवा.

मग सरकारनं 'लढाऊ जाती', म्हणजे फौजेला लायक मानलेल्या जाती, ठरवल्या आणि 1892-93 मध्ये महारांची भरती थांबवली. ज्या घरात आजा शिपाई, बाप हवालदार, त्या घरातल्या पोराला भरतीचं दार बंद. वलंगकरांनी लष्करासाठी विनंतीपत्र लिहिलं, 1894 चं. आमच्या वाडवडिलांनी चाकरी केली आहे, आमची भरती पुन्हा सुरू करा, हे त्याचं म्हणणं. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळही काही काळ दापोलीतच होते.

[छावणीतला जुना रस्ता, रिकामा.]

1895 मध्ये वलंगकर महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले. 1900 मध्ये वारले. महारांची पलटण उभी राहिली 1917 मध्ये, 111 वी. 1921 ला मोडली. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर रामजींचे चिरंजीव होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

[पाऊस. पुन्हा तीच भिंत. आवाज फक्त पाण्याचा.]