कढीपत्त्यावरचा सुरवंट कोणाला फसवतो आणि कोणापुढे हरतो

नमस्कार मंडळी, आज परसातच शूटिंग करतेय, मागे पावसाचा आवाज येईल तो चालवून घ्या. हे बघा, कढीपत्त्याच्या पानावर पाखराची शीट पडलीय असं वाटतंय ना, काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा? आता काडी लावते… हलली! हा सुरवंट आहे, लिंबाळी नाहीतर बहुरूपी फुलपाखराचा. एवढा लहान असताना दोघांतला फरक ओळखायला मला भिंग लागतं.

चौथी कात टाकेपर्यंत हा असाच शीट बनून बसतो, कारण शिंपी, दयाळ वगैरे पक्षी शीट कशाला टिपतील? पण अंग वाढलं की सोंग टिकत नाही, शिंप्याची शीट तरी केवढी असणार! मग एका कातीत गडी एकदम हिरवागार. अंगातलं ज्युवेनाइल हार्मोन, म्हणजे किड्याचं बालपण टिकवणारं संप्रेरक, कमी झालं की पुढची कात हिरवी येते, जपानमध्ये २००८ साली ह्याच कुळातल्या एका सुरवंटावर हे दाखवलं होतं.

हिरव्या झालेल्याला पुढे फुगीर भाग आणि त्यावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. ते खरे डोळे नव्हेत हां, खरं डोकं खाली, बारीकसं. आता डिवचते… दिसलं का? मानेतून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर आलं, ह्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. वास तुमच्यापर्यंत येत नाही, सुटलात, नासलेल्या लोण्यासारखा उग्र येतोय. लोक म्हणतात ही सापाची जीभ, पाखरांना घाबरवायला. दिसायला तशी आहे खरी, पण वासाचा मार पडतो तो मुंग्यांवर आणि लहान कोळ्यांवर, पाखरं त्याला फारशी भीक घालत नाहीत. आपल्याकडे झाडाझाडावर तांबडे हुमले, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, फिरतात, मग हे हत्यार हवंच ना.

म्हणजे शत्रू बघून डाव, पाखराला डोळ्याने फसवायचं, मुंगीला वासाने हाकलायचं. काजू-आंब्याच्या पानावर कॉमन बॅरन फुलपाखराचा सुरवंट बघा, पाठीवरची पिवळी रेघ बरोब्बर पानाच्या शिरेवर ठेवून पडतो, समोर असून दिसत नाही. माडावरचे काटेरी हिरवे सुरवंट लपायच्या भानगडीतच पडत नाहीत, हात लागला की आग आग! लागलाच तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून ओढा म्हणजे काटे निघतात, मग साबणाने धुवा. केसाळ सुरवंटांना बहुतेक पक्षी टाळतात, पण पावशा मात्र ते आवडीने खातो.

खरी पंचाईत होते गांधीलमाशीपुढे. ती सुरवंट पकडते, चावून गोळा करते आणि पिल्लांना भरवायला नेते. पानाची सुरळी करून आत लपलं तरी ती विष्ठेच्या वासावर शोधत येते, म्हणून सुरळीतले काही सुरवंट आपली लेंडी अंगाच्या लांबीच्या ४० पटीपर्यंत लांब उडवतात, अक्षरशः नेम धरल्यासारखी. मार्था वाइस ह्या अमेरिकन संशोधिकेने २००३ मध्ये लेंड्या सुरवंटाच्या सुरळीजवळ ठेवून बघितल्या, तर गांधीलमाश्या तिथेच जास्त घोटाळल्या.

आणि काही बारीक परजीवी गांधीलमाश्या त्याहून वाईट, त्या सुरवंटाच्या अंगातच अंडी घालतात. अंड्यांबरोबर एक विषाणूही सोडतात, त्याने सुरवंटाची प्रतिकारशक्ती ढेपाळते. अळ्या आतून वाढतात, कातडी फोडून बाहेर येतात आणि पांढरे कोष विणतात. ब्राझीलमधल्या एका जातीत तर पोखरलेला सुरवंट खाणंपिणं सोडून त्या कोषांपाशी उभा राहतो आणि कोणी जवळ आलं की डोकं आपटून त्याला हाकलतो, म्हणजे ज्यांनी पोखरलं त्यांचीच राखण करत मरतो. तेव्हा लिंबावर सुरवंटाशेजारी तांदळाएवढे पांढरे कोष दिसले तर ती त्याची अंडी समजू नका, अंडी घालतं फुलपाखरू, सुरवंट नव्हे.